पाच पावलं सोडून

१

दर रविवारी सकाळी पावणेदहाला मी टॅनर्स रन गावच्या मेथडिस्ट चर्चच्या दारात उभा राहतो आणि आत येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात उपासनेचा छापील कागद देतो. एक्याऐंशी वर्षांच्या निवृत्त पाळकाला देण्यासारखं याहून हलकं काम नसावं. कागदांचा गठ्ठा चाळीसचा. माझा, पाळकबाईंचा, ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंचा आणि डेल्बर्टचा असे चार कागद मी आधीच बाजूला काढतो. उपासना सुरू झाली की उरलेले मोजून खिडकीत ठेवतो. मोजायला मला कुणी सांगितलेलं नाही. घरातून निघताना मी शेगडीची बटणं चारदा तपासतो, त्यातलाच हा प्रकार.

आमच्या चर्चला वापरातलं दार एकच. मागच्या दाराची चौकट कुजली तेव्हा ते आतून फळ्या ठोकून बंद केलं. म्हणजे जो आत येतो तो माझ्या समोरून येतो.

सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी सोळा कागद उरले. हजर माणसं चोवीस.

व्यासपीठाच्या डाव्या अंगाला भिंतीवर एक लाकडी फळा आहे. त्यात आकड्यांच्या पाट्या सरकवायच्या: 'आज हजर', 'गेल्या रविवारी हजर'. उपदेश संपला की माझा शाळेपासूनचा मित्र डेल्बर्ट क्रम हा लंगडत पुढे येतो आणि पाट्या बदलतो. चाळीस वर्षं हे त्याचंच काम. त्या दिवशी त्याने 'आज हजर'पुढे सत्तावीस लावले.

पहिला संशय मी स्वतःवरच घेतला. तसा तो मी कायमच घेतो. उपासना संपल्यावर खिडकीतले कागद पुन्हा मोजले. सोळाच होते.

मग मी डेल्बर्टवर संशय घेतला, आणि त्याला कारण होतं. जुलैत आमच्या पंथाच्या परिषदेने कळवलं होतं की सर्व संतांच्या रविवारी, म्हणजे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, परिषदेच्या जिल्हा अधीक्षकबाई स्वतः येऊन माणसं मोजतील. तीसपेक्षा कमी भरली तर चर्च बंद आणि इमारत विक्रीला. डेल्बर्टचा बाप्तिस्मा इथला, लग्न इथलं, बायकोची कबर खिडकीतून दिसते. माझीही आई आणि माझी बायको रूथ त्याच गवताखाली आहेत. एकदम सहा माणसं वाढवली तर कुणाच्याही डोळ्यावर येईल. हळूहळू वाढवली तर नाही येणार. मी डेल्बर्टच्या जागी असतो तर असंच केलं असतं.

२

उपासनेनंतर तळघरात कॉफी असते. डेल्बर्टच्या ताटलीत आमच्या चर्चमधल्या मेव्हिसने केलेला भोपळ्याचा पाव होता, आणि तो त्यावर लोणी थापत होता.

"डेल्बर्ट, आकडे फुगवतोयस का रे?"

"आकडे फुगवायला मी काय बिशप आहे?"

"मग सत्तावीस कुठून आले?"

"मोजून आले. एक, दोन, तीन. तुझ्या ग्रीकमध्ये वेगळं मोजतात का, डॉक्टर?"

माझ्या डॉक्टरेटवरून तो मला गेली पन्नास वर्षं टोचतोय. आम्ही एका वर्गात होतो. तो शेतावर राहिला. मी पाळक झालो, दोन वर्षं सैन्यात पाळक होतो, नंतर बिशपच्या हुकमाने गावोगावच्या सात पाळकघरांत राहिलो आणि शेवटी एका विद्यालयात ग्रीक शिकवलं. म्हातारपणी परत आलो तेव्हा डेल्बर्टने स्वागत केलं ते असं: "आलास? खुर्ची सरकव तिकडे, पाय लागतोय."

त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. बाकांचा छापील नकाशा होता, त्यावर पेन्सिलीने केलेल्या फुल्या. डाव्या भिंतीला लागून एक अरुंद सज्जा आहे, तिथून तो पहिल्या गीताच्या वेळी मोजतो.

"वरून डोकी दिसतात. टकली, पिकलेली, आणि मेव्हिसचं रंगवलेलं जांभळं. तोंडं खोटं बोलतील, डोकी नाही."

"या मागच्या तीन फुल्या कुणाच्या?"

"असतील कॉलेजातली पोरं. केस बारीक कापलेली. येतात, जातात."

"माझ्याकडून कागद न घेता?"

"आजकालची पोरं कागद कुठे घेतात? सगळं फोनवर बघतात."

"कॉफीला एकही कसा थांबत नाही?"

"जिन्यात तू असा टपून उभा असल्यावर कोण थांबेल?" तो हसला. मग लोण्याची सुरी खाली ठेवून म्हणाला, "एल्डन, माणसं येतायत. येऊ देत की. तुझं काय जातंय?"



३

पुढच्या रविवारी फळ्यावर अठ्ठावीस लागले, मग एकोणतीस, मग तीस. माझे कागद दर वेळी चोवीसच गेले. फळ्यावर मात्र दर आठवड्याला बरोबर एकाची भर. चोरसुद्धा इतका नेमका नसतो, आणि डेल्बर्टला तर दोन मोजे सारखे घालता येत नाहीत.

मी डॉक्टरकडे गेलो. तिथल्या मुलीने मला कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले, शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितलं. "तुम्ही माझ्यापेक्षा बरे आहात," ती म्हणाली. मला बरं वाटलं नाही. डोकं शाबूत निघालं की हिशोब बाहेर मांडावा लागतो.

मी दुसऱ्या बाकावर बसतो, ऐकू यावं म्हणून. मणक्यामुळे मान वळत नाही. मागे पाहायचं तर अख्खं अंग फिरवावं लागतं, आणि चालू उपासनेत पाळकाने असं करणं बरं दिसत नाही. तरी एकदा खोकल्याचं निमित्त करून फिरलो. मागचे बाक खांबांच्या सावलीत असतात. मला मेव्हिस दिसली, तिच्या मागे हार्मन दांपत्य दिसलं, त्यांच्या मागे काळोखी लाकूड.

पण आवाज होता. गीत संपलं की आम्ही सगळे बसतो. म्हातारी माणसं बसतात तशी, बाकाला धरत, कण्हत, विस्कळीत. ते संपल्यावर क्षणभराने मागून पुन्हा एकदा बसण्याचा आवाज यायचा. एकच, एका दमात, हुकूम झाल्यासारखा.

कानातलं यंत्र बिघडलं असेल म्हणून मी त्याची बॅटरी बदलली. पुढच्या रविवारी तो आवाज जास्त स्पष्ट आला.

४

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन होतं. आमच्याकडे द्राक्षरसाचे अंगठ्याएवढे काचेचे पेले तबकातून बाकाबाकाने फिरवतात. मागच्या चार रांगांसाठी एक तबक भिंतीजवळच्या शेवटच्या बाकावर ठेवलेलं असतं, ज्याने त्याने घ्यावं. प्रत्येक बाकाच्या पाठीला भोकं पाडलेली पट्टी आहे. रस प्यायला की रिकामा पेला त्या भोकात ठेवायचा. उपासना संपल्यावर ते गोळा करून धुण्याचं काम मी मागून घेतलं आहे. घरी जाऊन करणार तरी काय.

सकाळी साडेअकराचं ऊन खिडक्यांतून आत येत होतं. पुढचे पेले गोळा करून मी मागे गेलो. शेवटच्या चार बाकांवर, जिथे कुणीही बसलं नव्हतं, सात पेले होते. रिकामे. आत तळाला जांभळा थेंब. आणि सातही उपडे ठेवलेले.

असे उपडे पेले ठेवणारी माणसं मी आयुष्यात एकाच ठिकाणी पाहिली होती, युद्धावर असताना. तिथली माती तांबडी होती, पिठासारखी बारीक, आणि हेलिकॉप्टर उतरलं की सगळ्यावर तिचा थर बसायचा. मी पोरांना पाण्याच्या बाटलीच्या झाकणातून द्राक्षरस द्यायचो. प्यायल्यावर ती झाकण उपडं ठेवायची, पुढच्याला धूळ जाऊ नये म्हणून. तेवढी एकच तुकडी, आणि तेवढीच एक सवय.

मी तबक बाकावर ठेवलं आणि पेल्यांमधलं अंतर पावलांनी मोजलं. एकापासून दुसरा पाच पावलं. पुढच्या रांगेतला आधीच्या दोघांच्या मधोमध, पुन्हा पाच पावलं. कुणाच्याही शेजारी कुणी नाही.

आघाडीवर उपासना घ्यायची तर सार्जंट आधी ओरडायचा, "पाच पावलं सोडून बसा रे! एका गोळ्यात सगळ्यांना एकदम स्वर्गात जायचंय का?" पोरं हसायची आणि गवतात अशी विखरून बसायची.

मी सातही पेले दोनदा धुतले. मग तिसऱ्यांदा धुतले.

५

मंगळवारी दुपारी मी पाळकबाईंच्या खोलीत गेलो. टेसा मॅब्री पंचेचाळिशीची आहे. जुलैत तिची इथे नेमणूक झाली, आणि तिच्याकडे आणखी दोन चर्च आहेत. तिन्ही ठिकाणांच्या किल्ल्यांचा जुडगा तिच्या गळ्यात असतो, त्यामुळे ती आली की गाय आल्यासारखं वाटतं. हे डेल्बर्टचं म्हणणं.

"टेसा, ही नवीन माणसं कुठून येतायत?"

"तुम्हालाही जाणवलं ना, डॉ. ब्रॅनम?" तिचा चेहरा उजळला. "मला तर पत्रांचा परिणाम वाटतो."

"कसली पत्रं?"

"सभासदांची नोंदवही साफ करतेय. नावं आहेत आणि माणूस वर्षानुवर्षं फिरकत नाही, अशी शेहेचाळीस निघाली. नाव काढायच्या आधी बोलावणं पाठवायचं असतं ना, तुम्हाला नियम माहीतच आहे. पस्तीस जणांना पत्रं टाकली. अकरांचे पत्तेच नव्हते. मग काय करणार? त्यांची नावं मी उपासनेत वाचून दाखवली. प्रत्येक नावानंतर सगळ्यांनी मिळून म्हटलं, 'परत ये, तुझी जागा राखलेली आहे.' काय सुंदर झालं होतं! तुम्ही नव्हतात त्या दिवशी."

ऑगस्टच्या तिसऱ्या रविवारी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. मी घरी पट्टी बांधून पडलो होतो.

तिने नोंदवही माझ्यापुढे उघडली. अकरा नावं एकाखाली एक, माझ्या आईच्या अक्षरात. तेव्हा नोंदवही आईच ठेवायची. ऑरिन टॅकेट. लुईस कॅन्टू. ड्वेन हॅगर्टी. खाली आणखी आठ. पत्त्याच्या रकान्यात फक्त 'लष्करी टपाल'. मृत्यूच्या रकान्यात काही नाही.

"हे सगळे एकाच वर्षी आलेत," टेसा म्हणाली. "अडुसष्ट. तुम्ही ओळखता का यांना?"

"खूप जुनी गोष्ट आहे," मी म्हणालो. "आठवत नाही."

तिने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. तिलाही माझा संशय आला असावा. यायलाच हवा होता.

६

आता लिहितोच आहे तर सरळ लिहावं.

त्या अकरांना मीच सभासद करून घेतलं. त्यांनी मागितलं आणि सैन्यातल्या पाळकाला तसा अधिकार असतो. त्यांची गावातली चर्च कुठली, असल्यास नावं काय, हे कुणाला धड सांगता येईना, म्हणून मी त्यांना माझ्याच गावच्या चर्चमध्ये घातलं आणि नावं आईला कळवली. आईने उलट टपाली विचारलं, "नवीन मंडळी जेवायला कधी येणार?" मी पत्र वाचून दाखवलं तेव्हा पोरं खूश झाली. ऑरिन टॅकेट वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरातला, शब्द लांबवत बोलायचा. म्हणाला, "पाळकसाहेब, आम्ही येणार हं. आईंना सांगा, कोंबडी मोठी बघा."

मार्चमध्ये त्यांना एका टेकडीवर पाठवलं. त्या खेपेच्या शेवटच्या हेलिकॉप्टरमध्ये माझ्यासाठी जागा होती. मी म्हणालो, माझं पोट दुखतंय, पुढच्या खेपेला येतो.

पोट दुखत नव्हतं.

टॅकेट दारात बसला होता. त्याने आपला हिरवा रेनकोट शेजारच्या रिकाम्या जागेवर टाकला आणि ओरडला, "जागा धरून ठेवतो तुमची!" पुढची खेप गेलीच नाही. संध्याकाळपर्यंत टेकडीवर कुणी उरलं नव्हतं.

मी अकरा आयांना अकरा पत्रं लिहिली. 'शेवटच्या क्षणी मी त्याच्याजवळ होतो. तो शांत होता.' नाव तेवढं बदललं. टॅकेटच्या आईचं मला दर नाताळला कार्ड यायचं, ती जाईपर्यंत, तेवीस वर्षं. 'तुम्ही होतात म्हणून मला झोप लागते,' एवढंच लिहिलेलं.

आमच्या नोंदवहीत मृत्यू लिहायचा तर पाळकाने कळवावं लागतं: कधी, कुठे, शेवटी जवळ कोण होतं. त्या अकरा चिठ्ठ्या मी कधीच पाठवल्या नाहीत. आयांना खोटं लिहिता आलं, नोंदवहीत लिहिता येईना. आणि खरं लिहिलं असतं तर ते आईने वाचलं असतं.

म्हणून आमच्या वहीत ते जिवंत राहिले. आणि आम्ही त्यांना नाव घेऊन बोलावलं.

मला हे पटतं का? मी शिकलेला माणूस आहे. एकटा राहणारा, अपराधी, म्हातारा मेंदू उपड्या पेल्यांत काय काय पाहील, हे मला कळतं. पण डेल्बर्ट अपराधी नाही, आणि फुल्या त्याने केल्या आहेत. ऑक्टोबरभर मी त्याच्याकडून ते कागद मागून घेतले आणि ओळीने मांडले. एक फुली, मग दोन, मग तीन. सगळ्या मागच्या चार बाकांवर, पाच पावलं सोडून.

काय करायला हवं हे स्पष्ट होतं. सर्व संतांच्या रविवारी आमच्याकडे वर्षभरात वारलेल्यांची नावं वाचतात. एकेका नावाला घंटा. मग पाळक विचारतात, "आणखी कुणाचं नाव?" आणि ज्याच्या मनात जे मेलेलं माणूस असेल त्याने उठून नाव घ्यायचं. ती अकरा नावं मेलेल्यांची म्हणून मी घ्यायची. ते कसे मेले आणि मी कुठे होतो, तेही सांगायचं. मग ते गेले असते, असं मला वाटत होतं. आणि त्याच दिवशी, त्याच तासाला, अधीक्षक माणसं मोजणार होत्या. मग उरली असती ती चोवीस.

७

त्या रविवारी डेल्बर्टने मला जिन्यापाशी गाठलं. "माझा गुडघा आज वर चढत नाही. अधीक्षकबाईंना दुसरा मोजणारा हवाय, दोन सह्या लागतात. तू जा."

"मी?"

"पाळक आहेस. तुझ्या शब्दावर कोण शंका घेणार?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "एल्डन, तुला काय खुपतंय मला माहीत नाही. महिनाभर माझ्या फुल्या गोळा करतोयस, मी काही विचारलं का? पण तीसच्या वर बोल. एवढंच कर. माझी जून तिथे बाहेर कबरीत आहे. उद्या कुणी इथे फर्निचरचं दुकान घातलं तर मी तिला भेटायला काय गिऱ्हाईक म्हणून येऊ?"

माझा कोट मी नेहमीच्या खुंटीला टांगला. चोवीस कागद गेले होते. अकरा नावांचा कागद माझ्या खिशात होता.

अधीक्षक लॉरेटा पिंकनी सज्जात आधीच बसल्या होत्या. गुडघ्यावर बाकांचा नकाशा, हातात पेन्सिल. हसून त्यांनी मला जागा करून दिली. पहिलं गीत सुरू झालं आणि मी कठड्याला धरून खाली पाहिलं.

मेव्हिसचं जांभळं डोकं. हार्मन नवराबायको. डेल्बर्टचं टक्कल. मी सावकाश मोजत मागे गेलो. मग सावली सुरू झाली, आणि मी थांबायला हवं होतं.

डोकी होती. केस बारीक कापलेली, मानेपर्यंत उन्हाने भाजलेली. आमच्याकडे नोव्हेंबरात कुणाची मान भाजत नाही. चेहरे दिसत नव्हते. सगळी समोर पाहत होती. कुणाच्याही शेजारी कुणी नव्हतं. मी पाच पावलं, पाच पावलं करत गेलो आणि अकरावर पोचलो. तिसऱ्या आणि सातव्याच्या मधे, बरोबर जिथे आणखी एक असायला हवा होता, तिथे रिकामं होतं.

पिंकनीबाईंची पेन्सिल माझ्या शेजारी टिकटिक करत फुल्या मारत होती, अजिबात न अडखळता.

प्रभुभोजन झालं. नावं झाली. पाच नावं, पाच घंटा. टेसाने मान वर केली. "आणखी कुणाचं नाव?"

मेव्हिसने नवऱ्याचं घेतलं. घंटा. हार्मनने भावाचं घेतलं. घंटा. 

मी खिशातून कागद काढला. तोंड उघडलं. त्या क्षणी मागची अकरा डोकी थोडीशी वर झाली. वळली नाहीत. लांबून हेलिकॉप्टरचा आवाज आल्यासारखा वाटला की माणसं बोलता बोलता थांबतात आणि कान देतात, तशी.

किती वेळ गेला मला सांगता येत नाही. मी खाली गुडघ्यांकडे पाहत होतो. टेसा "आमेन" म्हणाली. कागद पुन्हा खिशात गेला होता. तो मीच ठेवला असणार.

"तुमचे किती, डॉ. ब्रॅनम?" पिंकनीबाई कुजबुजल्या.

"पस्तीस."

"माझेही पस्तीस," त्या म्हणाल्या, आणि मी सही केली.

८

तळघरात दिवाळं निघायचं टळलेल्या घरासारखा आनंद होता. डेल्बर्टने मला मिठी मारली, जे त्याने सत्तर वर्षांत केलं नव्हतं, आणि माझ्या खांद्यावर त्याची दाढी ओली लागली. "डॉक्टर," तो म्हणाला, "तुझ्या शिक्षणाचा शेवटी उपयोग झाला बघ."

पिंकनीबाई नूडल्सची ताटली घेऊन माझ्याजवळ आल्या. मी धीर करून विचारलं, "मला कुठे धरलंत तुम्ही? मी तर वर होतो."

"वरच्यांना धरत नाही आम्ही. तुमची जागा खाली होती ना, तिथे फुली केली." त्यांनी नकाशा दाखवला. तिसऱ्या आणि सातव्याच्या मधे एक फुली होती. "तुमचा कोट होता तिथे."

"माझा कोट खुंटीला आहे."

"हिरवा. रेनकोट. सज्जात जायच्या आधी मी जरा टेकायला गेले, पाय फार दुखतात हो माझे. तर एकजण म्हणाला, बाई, तिथे नका बसू, पाळकसाहेबांची जागा धरलीय."

"कोण म्हणाला?"

"नाव नाही विचारलं. फार अदबीने बोलला." त्या आठवून हसल्या. "डोंगराकडचा असावा. शब्द लांबवत होता."

मी पेले गोळा करायला वर गेलो. मागच्या बाकांवर अकरा पेले उपडे होते. कोट कुठेच नव्हता. मधल्या रिकाम्या जागेपुढच्या भोकात बारावा पेला सरळ ठेवलेला होता, काठोकाठ भरलेला. मी बाकीचे सगळे धुतले. त्याला हात लावला नाही. ओतून टाकायचं धाडस नव्हतं आणि प्यायचंही नव्हतं.

चर्च वाचलं. फळ्यावर पस्तीस लागलेले आहेत. तो अकरा नावांचा कागद आत्ता टेबलावर माझ्यासमोर आहे. प्रत्येक नावापुढे मी टेकडी आणि तारीख लिहिली. 'शेवटी जवळ कोण होतं' इथे येऊन पेन थांबतं.

उद्या रविवार आहे. दुसऱ्या बाकावर बसायचं की मागे, आणि तिथे उठून काय बोलायचं, हे ठरवायला अजून अख्खी दुपार आहे. सकाळपासून पोटात दुखतंय. मघाशी टेसाला फोन करून तसं सांगावं म्हणून मी उठलो आणि दारापाशी थांबलो, कारण या वेळी ते खरंच दुखतंय का, हे मला ठरवता येईना.